काळोखपुरातलं कुंकू

"मला मारायचं असेल तर कुंकवासकट मारा, नाहीतर दुसरी बाई बघा," गोदावहिनी म्हणाल्या आणि गोदामाच्या मधोमध ठेवलेल्या खुर्चीत पदर सावरून बसल्या.

सांगलीतलं ते हळदीचं गोदाम होतं. बाहेर सकाळचं कडक ऊन पडलेलं आणि आत सगळ्या खिडक्यांना काळी कापडं ठोकून सिनेमावाल्यांनी मध्यरात्र करून ठेवलेली. वहिनींना तिथं एका फळीवर प्रेत म्हणून पडायचं होतं. सिनेमाचा दिग्दर्शक निहार सबनीस हा पुण्याचा, पोरगेला आणि फार सभ्य मुलगा. तो त्यांच्यापुढं उकिडवा बसून समजूत घालू लागला.

"मावशी, ही बाई बेवारस आहे. अख्ख्या शहरात तिला ओळखणारं कुणी नाही. कुंकू लावलं की नवरा आला. नवरा असला तर ती बेवारस कशी राहील?"

"नवरा नाही कसा? ते काय, उभे आहेत की तिथं."

सगळ्यांनी वळून बघितलं. हवालदाराच्या खाकी कपड्यांत अण्णा आवटी उभे होते. टोपी एवढी सैल की ती कानांवर टेकून राहिली होती. "अगं, खोटं खोटं मरायचंय नुसतं," ते हळूच म्हणाले.

"खोटं असलं म्हणून काय झालं? नाटकातली नवरी असली तरी तिला मुंडावळ्या बांधतातच की."

मला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. वहिनींनी त्या दिवशी त्या फळीवर पडणं ही अण्णांच्या लेखी जीवनमरणाची गोष्ट होती, आणि ती का, हे त्या गोदामात त्या दोघांखेरीज मला एकट्यालाच माहीत होतं.

ते सांगायचं तर जरा मागं जायला हवं. 'काळोखपूर' नावाची चित्रकथांची एक माला मी मिरजेत बसून काढत असे. महिन्याला एक अंक. खून, दरोडे, फितुरी असला सगळा माल. काळोखपुरात कधी उजाडायचं नाही. तिथला पोलीस विकला गेलेला, बाई लबाड, आणि घरात बसला तरी माणसाच्या डोक्यावरची हॅट निघायची नाही. आमच्या मिरजेत यातलं काही नव्हतं. गल्लीतली एक सायकल चोरीला गेली तर आठवडाभर तोच विषय पुरायचा. मग मी बाजारातलीच दुकानं घ्यायचो, त्यांवर शाई ओतून रात्र करायचो आणि मधे एक प्रेत टाकून द्यायचो.

अडायचं ते प्रेतापाशी. पळणारा, मारणारा माणूस मनानं काढता येतो. मेलेल्याचे हातपाय कसे पडतात ते मात्र समोर बघितल्याशिवाय उतरत नाही. माझ्या शेजारी अण्णांचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. एकदा सहज म्हटलं, "अण्णा, जरा माझ्या ओट्यावर मरून पडता का?" माणूस अंगावरचा लाकडाचा भुसा झटकून आला आणि असा मेला की समोरचं कुत्रं येऊन हुंगून गेलं. तेव्हापासून काळोखपुरात जो मेला तो अण्णा. सावकार मेला, अण्णा. गुंड मेला, अण्णा. एका अंकात जुळे भाऊ मारले गेले, तेव्हा अण्णा आधी डाव्या कुशीवर पडले आणि चहा पिऊन मग उजव्या कुशीवर. एकाही वाचकानं तक्रार केली नाही.

माझ्यावर उपकार म्हणून ते मरत होते असं नाही. कुणाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असं आपल्याकडं म्हणतात. बाकीचे ते बोलून विसरतात. अण्णांनी ते औषधासारखं धरलं होतं, महिन्याला एक मात्रा. त्यांचा धंदाच तसला होता. गावात कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी त्याचा फोटो अण्णांच्या हातात. काच पुसायची, पट्टी ठोकायची, वर चंदनाचा हार अडकवायचा. काल पान खाऊन गेलेला माणूस आज काचेखाली बघायचा म्हणजे कुणालाही धास्ती बसेल. त्यांना ती चांगलीच बसली होती.

वहिनी मात्र याच्यावर कडाडून तोंड टाकायच्या. अण्णा ओट्यावर जीभ बाहेर काढून पडलेले असायचे आणि त्या धुण्याची बादली घेऊन त्यांना ओलांडून जायच्या. "रोज मरे त्याला कोण रडे," त्या मला म्हणायच्या. "सांगून ठेवते भावजी, हे खरोखर गेले तर माझ्या डोळ्यांतून टिपूस येणार नाही. आमचं सगळं रडून झालंय." प्रेत यावर एक डोळा उघडून हसायचं आणि माझी रेघ चुकायची.

पुढं माला बंद पडली. वाचकांना घरबसल्या टीव्हीवर खून दिसायला लागले, ते शाईचे खून कशाला बघतील. मी दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो आणि काळोखपूर माळ्यावर गेलं. मग कित्येक वर्षांनी हा निहार सबनीस दारात उभा. लहानपणी आजोळी ते अंक उशीखाली लपवून वाचलेला पोरगा. त्याला त्यातल्या तीन गोष्टींचा मिळून एक सिनेमा करायचा होता, सगळा काळा-पांढरा, आणि मधेच एखादी वस्तू तेवढी लाल.

"सर, अख्ख्या काळ्या जगात तुम्ही एकच लाल ठेवलात," तो म्हणाला. "कुणाचे ओठ, कुणाचं रक्त, कुठं नुसताच दिवा. केवढी मोठी भूमिका आहे यामागं."

भूमिका अशी होती की आमचा छापखाना लग्नपत्रिकांचा. यंत्रात बारा महिने लाल शाई भरलेली असायची, तिच्यातच आमच्या पानांचाही एक फर्मा निघायचा. पण पोरगा इतका भारावून बोलत होता की मी गंभीर चेहरा करून मान हलवली. आयती चालून आलेली भूमिका कोण परत पाठवतो.

निहारला अण्णाही हवे होते. तिसऱ्या गोष्टीत बेवारस प्रेत आहे, ते त्याच चेहऱ्याचं पाहिजे, असा त्याचा हट्ट. मला वाटलं अण्णा हरखून जातील. अण्णा पुष्कळ वेळ पट्टीला पॉलिश घासत बसले आणि म्हणाले, "मी भरपूर मेलोय. या खेपेला हिला मारा."

निहारला ते विनोदी वाटलं. मला नाही वाटलं. वहिनींच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. चार पायऱ्या चढल्या की त्या उंबऱ्यावर टेकायच्या. दवाखान्यांचं गाव आमचं, हाकेच्या अंतरावर मोठमोठे डॉक्टर. सगळ्यांनी एकच सांगितलं की ऑपरेशन करा, बाई ठणठणीत होतील. वहिनी ऐकायला तयार नव्हत्या. मी एकदा बोलायला गेलो तर मलाच गप्प केलं.

"कशाला कापाकापी? मी अहेव जाणार. हिरवं नेसून, मळवट भरून, ह्यांच्या खांद्यावरून. माझी आई तशी गेली, सासू तशी गेली. बाईला याच्यापेक्षा आणखी काय पाहिजे, भावजी?"

"आणि अण्णांनी काय करायचं?"

"त्यांना काय धाड भरलीय. ते मरून मरून अमर झालेत."

अण्णांनी हातापाया पडून बघितलं, अबोला धरून बघितला, एक दिवस जेवले नाहीत. वहिनींनी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि आपण जेवून घेतलं. तेव्हा शेवटचा उपाय म्हणून अण्णा माझ्याकडं आले होते. "पेंटर, हिला एकदा मार की रे. एकच अंक काढ." मी बंद पडलेली माला कुठून काढणार? आणि आता सिनेमाच चालून आला होता. ओट्यावरच्या मरणानं जर महिना वाढत असेल, तर पडद्यावरच्या मरणानं दहा वर्षं कुठं गेली नाहीत, असा त्यांचा हिशेब.

वहिनी तयार कशा झाल्या याचं मला नवल वाटलं. विचारलं तर म्हणाल्या, "जन्मभर हे पडले आणि मी उभी राहिले. एकदा मी पडते, ह्यांना उभं राहू दे. कंबर कशी धरते ते कळू दे जरा."

तर अशा रीतीनं सगळे त्या गोदामात जमलो होतो आणि कुंकवापाशी गाडी अडली होती. निहार उठला, एका कोपऱ्यात जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याच्या हाताखालची माणसं कुजबुजत होती की ही म्हातारी बदला. मग तो वळला आणि वहिनींच्या कपाळाकडं बघत राहिला.

"राहू दे कुंकू," तो म्हणाला. "लाल तेवढंच ठेवू."

वहिनींनी पिशवीतून स्वतःचा करंडा काढला आणि आरशाशिवाय रुपयाएवढं कुंकू रेखलं. एवढ्यात अण्णांनी हात वर केला. "साहेब, ती फळी फिरवा. हिचे पाय दक्षिणेकडं यायला लागलेत."

"काका, दिवे लावून झालेत सगळे."

"खऱ्या मढ्याचे पाय दक्षिणेला करतात. ही खोटी मरायलीय. उगीच खरं व्हायचं."

निहारनं कपाळाला हात लावला. पण अण्णा फळीला धरून बसले ते हलेनात. शेवटी फळी फिरवली, सगळे दिवे उतरवून पुन्हा चढवले आणि जेवायची वेळ टळून गेली. जिच्यासाठी हे चाललं होतं ती बाई तेवढ्या वेळात खुर्चीत एक डुलकी काढून ताजीतवानी झाली.

अण्णांचं काम सोपं होतं. हवालदारानं आत यायचं, प्रेताच्या तोंडावर बॅटरी मारायची, पायाशी घडी घातलेली चादर डोक्यापर्यंत ओढायची आणि निघून जायचं. "चेहऱ्यावर काही आणायचं नाही, काका," निहारनं बजावलं. "तुमच्यासाठी हे रोजचंच प्रेत आहे."

"रोजचंच आहे," अण्णा म्हणाले. "त्यात काय."

कॅमेरा सुरू झाला. अण्णा आत आले. चालणं अगदी हवालदारासारखं, दमलेलं, पायांत अंतर ठेवून. त्यांनी बॅटरी पेटवली आणि उजेड वहिनींच्या तोंडावर पडला.

इतकी वर्षं हा माणूस खाली पडून मरत आला होता. उभं राहून ते कसं दिसतं हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. आणि वहिनी पडल्याही अशा होत्या की मला अण्णांची सगळी प्रेतं कच्ची वाटायला लागली. श्वास कुठं चाललाय ते दिसत नव्हतं. हात फळीवरून खाली लोंबत होता, बोटं किंचित उघडी, हातातलं काहीतरी आत्ताच निसटल्यासारखी.

अण्णांनी चादर उचलली. ती गुडघ्यांपर्यंत ओढली, कमरेपर्यंत आणली आणि तिथं त्यांचे हात थांबले. बॅटरी खाली पडून गडगडत गेली.

"गोदे," ते म्हणाले.

चारचौघांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. "गोदे, उठ की. उठ, पुरे झालं." मग ते खाली बसले, त्यांनी तो लोंबता हात दोन्ही हातांत धरला आणि रडायला लागले. ते काही सिनेमातलं रडणं नव्हतं. नाक गळत होतं, टोपी कलंडली होती, तोंडातून बकऱ्यासारखा आवाज येत होता. बघवत नव्हतं. निहार थांबवेल म्हणून मी त्याच्याकडं बघितलं, तर तो तोंडावर मूठ दाबून उभा, आणि कॅमेरा चालूच.

वहिनींची पापणीसुद्धा हलली नाही.

केव्हातरी निहारनं हात वर केला. मग प्रेत उठून बसलं, त्यानं पदरानं हवालदाराचं तोंड पुसलं आणि टोपी सरळ केली. "नाक शिंकरा आधी," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्याचे कपडे आहेत ते." परत येताना गाडीत अण्णा दमून त्यांच्या खांद्यावर झोपले होते आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कुंकू तसंच होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनी आपण होऊन डॉक्टरकडं गेल्या आणि ऑपरेशनला उभ्या राहिल्या. अण्णांना आभाळ ठेंगणं झालं. पेढे घेऊन माझ्या दारात आले. "बघ पेंटर, हसत होतास ना? एकदाच मारली आणि लगेच अक्कल आली. याला म्हणतात गुण." वहिनी खरंच ठणठणीत झाल्या. धुण्याची बादली घेऊन पुन्हा जिने चढायला लागल्या.

सिनेमा तयार व्हायला वर्ष गेलं. तेवढ्यात एका दुपारी अण्णा दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले, मांडीवर अर्धी ठोकलेली फ्रेम तशीच. संध्याकाळपर्यंत कुणी जवळ गेलं नाही. येणारा-जाणारा बघायचा आणि म्हणायचा, पेंटरची माला परत सुरू झालेली दिसते, अण्णा सरावाला बसलेत. मीही दोनदा समोरून गेलो होतो.

वहिनी रडल्या नाहीत. आल्यागेल्यांना पाणी देत होत्या, कुणाला कळवायचं ते मला सांगत होत्या. बायका आपसांत बोलल्या की म्हणाल्याप्रमाणं केलं हो हिनं, टिपूस काढलं नाही. तिसऱ्या दिवशी फोटोचा प्रश्न आला. गावभरच्या फोटोंना फ्रेमा घालणाऱ्याचा स्वतःचा एकही धड फोटो घरात नव्हता. माझ्या माळ्यावर त्यांची चित्रं ढिगानं होती, पण सगळ्यांत ते मेलेले. गळा आवळलेले, गोळी लागलेले, विहिरीतून काढलेले. त्यातलं कुठलं भिंतीला लावणार?

"राहू द्या, भावजी," वहिनी म्हणाल्या. "हलता फोटो यायचाय त्यांचा."

सिनेमा लागला तेव्हा पेपरात मोठं कौतुक आलं. एका विद्वानानं लिहिलं की प्रेताच्या कपाळावरचं ते एकमेव लाल कुंकू हा नगरसंस्कृतीच्या विवेकाला पडलेला व्रण आहे. मी ते कात्रण जपून ठेवलं. शाईच्या बाबतीत मला एकट्यालाच आयती भूमिका मिळाली होती. आता वहिनींनाही मिळाली.

मी दुपारच्या खेळाला गेलो, तर वहिनी आधीच आत बसलेल्या. कपाळ मोकळं, फिकट साडी, मांडीवर पिशवी. मी शेजारी बसलो. पहिल्या दोन गोष्टींत गोळ्या उडाल्या, गाड्या पेटल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. वहिनी शेंगदाणे खात होत्या. मग तिसरी गोष्ट आली, बॅटरी पेटली, आणि अख्ख्या काळ्या पडद्यावर ते एकटं कुंकू उमटलं, बैलगाडीच्या चाकाएवढं. शिट्ट्या बंद झाल्या. वहिनी पुढं सरकून बसल्या. "गोदे, उठ की," अण्णा म्हणाले, आणि थिएटरभर त्यांचं ते ओंगळ, खरंखुरं रडणं घुमलं.

बाहेर आल्यावर आम्ही पायरीवर टेकलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अण्णांचंच खरं ठरलं म्हणायचं, वहिनी. पडद्यावर मेलात आणि आयुष्य वाढलं."

"त्यानं कुठं वाढलं?" त्या म्हणाल्या. "मी वाढवून घेतलं."

"म्हणजे?"

"डोळे मिटून पडले होते मी. पण कान उघडे होते की. मनात म्हटलं, हा माणूस माझ्यामागं पंधरा दिवस काढायचा नाही. साधा चहा करता येत नाही, आणि रडायला लागला की थांबता येत नाही. म्हटलं, कसलं आलंय अहेव मरण. ह्यांना आधी जाऊ दे. मागं राहायचं काम आपल्यालाच जमेल. म्हणून गेले कापून घ्यायला."

"अण्णांना सांगितलंत हे?"

"कशाला? ते पेढे वाटत होते. वाटू दे म्हटलं."

जी गोष्ट त्या जन्मभर मागत आल्या होत्या, ती त्यांनी कुणाला पत्ता न लागू देता सोडून दिली होती, आणि आम्ही सगळे त्याचं श्रेय सिनेमाला देत बसलो होतो. "तुमच्या मनासारखं झालं नाही, वहिनी," मी म्हणालो.

"का नाही झालं?" त्यांनी थिएटरकडं हात केला. "आत कुंकवासकट गेले की मी. ह्यांच्या आधी गेले. एवढं मोठं कुंकू आमच्या घराण्यात कुणाला लाभलं नसेल. आणि आपल्यामागं नवरा कसा रडतो ते बघायला मिळतं का कुठल्या बाईला?" त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. "रोज मरे त्याला कोण रडे म्हणायचे ना मी? हे रडतात बघा, भावजी. दिवसाला तीन खेळ आहेत. तिन्ही खेळांना रडतात."

मग पिशवी काखेत धरून त्या उठल्या आणि सहाच्या खेळाचं तिकीट काढायला खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.